कारचे पहिले तीन-चार किलोमीटर : जवळच्या फेऱ्या छोट्या विजेवरच्या वाहनावर कशा आणाव्यात

मेकॅनिकने इंजिनवरचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळसर, दुधाळ थर जमला होता. बोट लावलं तर घट्ट सायीसारखा लागला. मला वाटलं, ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, उतरलं, आता इंजिन उघडावं लागणार. त्याने कूलंटची पातळी पाहिली, ती बरोबर होती. ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, ओढली, ऑइल स्वच्छ. मग त्याने विचारलं, "गाडी रोज किती चालते?" मी म्हटलं, फार नाही, सकाळी दोन किलोमीटर, संध्याकाळी दोन, मध्ये एखादं काम. "मग ती गरमच होत नाही," तो म्हणाला. "हे पाणी आहे."

कार कमी चालवली की धूरही त्या मानाने कमीच होणार, असं मी तोवर समजत होते. ते अर्धंच खरं होतं. किती किलोमीटर चालवता यापेक्षा ते किलोमीटर किती तुकड्यांत चालवता, यावर कारचा विषारी धूर जास्त ठरतो. म्हणून हा लेख "कार सोडा" असं सांगणारा नाही. कारच्या थंड, छोट्या फेऱ्या तेवढ्या काढून घ्यायच्या आणि त्या कामाला छोटं विजेवरचं वाहन लावायचं. हे कसं करायचं ते क्रमाने सांगते.

आधी हे समजून घ्या : थंड इंजिन इतकं घाण का?

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. इंजिन थंडच राहिलं तर त्यातला काही भाग इंजिनच्या आत आणि सायलेन्सरमध्ये साचतो. माझ्या झाकणाखाली तेच साचलं होतं. आखूड फेऱ्यांच्या गाड्यांचे सायलेन्सर आतून गंजतात, त्यामागेही हेच पाणी असतं.

पाण्याने गाडी खराब होते. हवा खराब होण्याचं कारण वेगळं आहे. सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींचं रूपांतर तो बऱ्याच निरुपद्रवी वायूंमध्ये करतो, आणि चांगल्या स्थितीत असेल तर नव्वद टक्क्यांहून जास्त करतो. मात्र त्यासाठी तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापावा लागतो. तोवर धूर त्यातून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यात थंड इंजिनाला चालू राहायला पेट्रोलही जास्त लागतं. म्हणजे गाळणी बंद असते तेव्हाच धूर सर्वांत दाट असतो. पेट्रोल कारच्या फेरीतल्या कार्बन मोनॉक्साइडचा आणि न जळलेल्या इंधनाचा मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच हवेत जातो. आणि हा धूर सुटतो कुठे? आपल्याच दारात, आपल्याच गल्लीत.

या डब्याचं ऋण मोठं आहे. लॉस एंजलिसवर पसरणारं धुकं कारच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. १९७५ पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत हे कन्व्हर्टर सर्रास बसू लागले. शिशामुळे ते निकामी होतात, म्हणून शिसं नसलेलं पेट्रोलही आणावं लागलं. कारसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, आणि तिथली विक्री थांबली २०२१ साली. इतक्या खटपटीने मिळालेली ही सोय दोन किलोमीटरच्या फेरीत तापायच्या आतच आपण बंद करून टाकतो, याची मला मनापासून हळहळ वाटते.

कार्बन डायऑक्साइडला मात्र कुठलाही डबा अडवत नाही. एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो आणि डिझेलमागे सुमारे २.७ किलो, इंजिन गरम असो की थंड.

पहिली पायरी : पंधरा दिवसांची वही

वाहन बघायला जाण्याआधी कारमध्ये एक छोटी वही आणि पेन ठेवा. प्रत्येक फेरीला पाच गोष्टी लिहा : निघतानाचे आणि पोहोचल्यावरचे किलोमीटर, गाडी त्याआधी किती वेळ उभी होती, गाडीत किती जण होते, सामान किती होतं आणि जायचं कशासाठी होतं. गाडी तासाभराहून जास्त उभी असेल तर कन्व्हर्टर थंडच धरा आणि त्या ओळीपुढे फुली मारा.

मोबाइलमध्ये नोंद ठेवता येते, पण वही बरी. इंजिन बंद केल्यावर हात आपसूक तिच्याकडे जातो. एखादा दिवस राहिला तर आठवून भरू नका, सरळ सोडून द्या. आठवणीतून लिहिताना आपण लांबच्या फेऱ्या आठवतो आणि कोपऱ्यावरच्या विसरतो, आणि आपल्याला नेमक्या कोपऱ्यावरच्याच हव्या आहेत.

माझ्या वहीत निम्म्याहून जास्त ओळी चार किलोमीटरच्या आतल्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेकांपुढे फुली होती. तुमचंही फार वेगळं नसेल. अमेरिकेसारख्या लांबच लांब अंतरांच्या देशातही २०२१ साली सगळ्या साधनांनी झालेल्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त तीन मैलांच्या, म्हणजे पाचेक किलोमीटरच्या आतल्या होत्या.

दुसरी पायरी : फेऱ्यांची वाटणी

वही घेऊन बसा आणि फुलीच्या प्रत्येक ओळीला विचारा, ही फेरी कारशिवाय कशी झाली असती? किलोमीटरभराच्या आतलं काम असेल तर पायी. तिथे विजेचं वाहनही नको. हे मी मुद्दाम आधीच सांगते, कारण नवं वाहन दारात आलं की माणूस चालायचंच सोडतो, आणि मग कारची फेरी वाचण्याऐवजी पायी जाण्याची फेरी विजेवर जाते. त्यात हवेला काही मिळत नाही.

एक ते आठ-दहा किलोमीटर, एक-दोन माणसं आणि पिशवीभर सामान, एवढ्यात बसणाऱ्या ओळी विजेच्या वाहनाकडे. उरल्या त्या कारकडे : म्हातारं किंवा आजारी माणूस, चार जण एकत्र, अवजड सामान, भरपावसातली रात्र. यांच्याबद्दल मनाला लावून घेऊ नका, कार त्यासाठीच आहे.

कारकडे राहिलेली छोटी कामं एकत्र बांधा. चार कामं चार दिवशी केली तर चार थंड सुरुवाती होतात, एका दिवशी ओळीने केली तर एकच. त्यातही सर्वांत लांबचं काम पहिलं करा. तिथे पोहोचेपर्यंत इंजिन आणि कन्व्हर्टर पुरते तापतात, आणि परतीच्या वाटेवर दहा-पंधरा मिनिटांसाठी गाडी बंद केली तरी ते थंड पडत नाहीत. जवळचं काम आधी उरकून टाकायची आपली सवय इथे उलटी फिरवावी लागते.

तिसरी पायरी : कोणतं वाहन?

यात वाचकाचे पैसे अडकतात, म्हणून इथे जरा थांबते.

वाहनाला एक किलोमीटरला किती वीज लागते, हा आकडा आधी डोळ्यांसमोर आणा. पायडल मारत चालवायच्या ई-सायकलला साधारण १० वॅट-तास पुरतात. उभ्याने चालवायच्या किक-स्कूटरला १२ ते २०. बसून चालवायच्या ई-स्कूटरला २५ ते ४०. दोन माणसांच्या बंदिस्त छोट्या चारचाकीला ६० ते १००. विजेच्या पूर्ण आकाराच्या कारला १५० ते २००. एका माणसाला दोन किलोमीटर न्यायला हजार-दीड हजार किलोचं धूड हलवायचं म्हटलं की ते पेट्रोलवर असो की विजेवर, बहुतेक ऊर्जा त्या धुडालाच लागते. शिवाय टायर आणि ब्रेक झिजून उडणारी बारीक धूळ विजेच्या वाहनातूनही उडते आणि वजनाबरोबर वाढते. म्हणून जवळच्या फेरीसाठी मी "विजेवरचं" या शब्दाइतकाच "छोटं" या शब्दावर भर देते.

आता आपल्याला कोणतं? रस्ता बऱ्यापैकी सपाट, अंतर पाच किलोमीटरच्या आत आणि अंगात थोडा दम असेल तर ई-सायकल. तिच्यात बिघडण्यासारखं कमी, चार्जिंग हलकं आणि बॅटरी संपली तरी पायडल मारत घरी येता येतं. युरोपीय संघात २५० वॅटपर्यंतची मोटर असलेली आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत थांबणारी ई-सायकल सायकलच मानली जाते. इतर ठिकाणचे नियम वेगळे असतात. परवाना, नोंदणी, विमा, हेल्मेट यांचं आपल्याकडे काय आहे ते विकत घेण्याआधी वाहतूक खात्याकडून स्वतः विचारून घ्या. विक्रेता सांगतो त्यावर थांबू नका.

मागे एक माणूस बसणार असेल, चढ असेल, रस्त्यावर मोठ्या गाड्यांचा वेग जास्त असेल तर ई-स्कूटर. किक-स्कूटर घडी घालून हातात नेता येते, ही तिची खरी जमेची बाजू. बस किंवा रेल्वेला जोडून प्रवास असेल तर तिला तोड नाही. पण तिची चाकं वीतभर असतात. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्यात छोटं चाक अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो. खराब रस्त्यावर ती मी कुणालाही सुचवणार नाही. तोल सांभाळणं कठीण जात असेल, मुलं किंवा सामान नेहमीच न्यायचं असेल तर तीनचाकी किंवा मालवाहू ई-सायकल बघा.

रेंजचा हिशेब स्वतः करा

जाहिरातीतली रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाणारं अंतर, हलक्या चालकाची, सपाट रस्त्यावरची, मंद वेगातली असते. हिशेब सोपा आहे. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. ४८ व्होल्ट, ३० अँपिअर-तास म्हणजे १४४० वॅट-तास, जवळजवळ दीड युनिट. किलोमीटरला ३० वॅट-तास धरले तर ४८ किलोमीटर. यातून थंडी, चढ, मागचा माणूस आणि बॅटरीचं वय यांच्यासाठी तीस टक्के काढून टाका. उरले ३३. दिवसाला आठ किलोमीटर होत असतील तर तीन-चार दिवसांतून एकदा चार्जिंग. वहीतल्या सर्वांत लांब दिवसाच्या दुप्पट एवढा हा उरलेला आकडा असला की पुरे. त्याहून मोठी बॅटरी म्हणजे रोज उगाच वाहायचं वजन.

बॅटरीची जातही विचारा. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, तेवढ्याच विजेसाठी जरा जड असते, पण जास्त वर्षं टिकते आणि तापून पेटण्याची शक्यता कमी. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी, हलकी असते आणि जिना चढून न्यायला सोपी. स्वस्त वाहनांत कधी कधी लेड-ॲसिड बॅटरी देतात. ती फार जड आणि अल्पायुषी, ती टाळा.

दुकानात एक काम न लाजता करा. काढता येणारी बॅटरी असेल तर ती हातात घेऊन जिना चढून बघा. कागदावरचे दहा किलो आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचलेले दहा किलो यांत पुष्कळ फरक असतो. चाचणी फेरी एकट्याने घेऊ नका. मागे कुणाला तरी बसवा आणि चढावर थांबून पुन्हा सुरू करून बघा. ताशी २५च्या वेगात दोन्ही ब्रेक दाबून बघा, हँडल ओढलं जातं का. डिकीत तुमचं स्वतःचं हेल्मेट बसतं का, तेही बघा. बॅटरीची हमी किती वर्षांची, किती टक्के क्षमता राहील असं लेखी देतात आणि सुटा चार्जर मिळतो का, हे बिलावर लिहून घ्या.

चौथी पायरी : घरचं चार्जिंग

पहिल्या महिन्यात एकदा चार्जर काढताना पिनेला बोट लागलं आणि चटका बसला. सॉकेटकडे निरखून पाहिलं तर एका भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. वाहन ठीक होतं, चार्जरही ठीक होता. सॉकेट जुनं होतं आणि आतली पकड सैल झाली होती. सैल जोडातून तासन्‌तास वीज वाहिली की तो जोड तापतो. इलेक्ट्रिशियनने सॉकेट बदललं, अर्थिंग तपासलं आणि त्यानंतर पिना कधी तापल्या नाहीत. म्हणून पहिले चार-पाच वेळा चार्जिंगच्या मध्येच बटण बंद करून, प्लग काढून पिनेला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका चालणार नाही.

एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, सॉकेट थेट भिंतीतलं हवं. चार्जर वाहनाबरोबर आलेला किंवा त्याच कंपनीचाच. व्होल्ट जुळतात म्हणून दुसऱ्याचा लावला तर तो वेळेवर थांबेलच असं नाही. बॅटरी गादीवर, पायपुसण्यावर, जिन्याखाली किंवा घरातून बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर ठेवून चार्ज करू नका. मोकळी, कोरडी, फरशीची जागा हवी. शक्यतो घरात जागं माणूस असतानाच चार्ज करा.

फेरीवरून आल्या आल्या बॅटरी गरम असते, अर्धा तास थांबा. तापमान शून्याखाली असेल तर चार्ज करूच नका, त्याने लिथियम बॅटरी आतून कायमची खराब होते. एनएमसी बॅटरी रोज शंभर टक्के भरण्यापेक्षा ऐंशी-नव्वदवर काढली तर जास्त वर्षं जाते. एलएफपीला अधूनमधून पूर्ण भरलेलं चालतं, आणि उरलेल्या चार्जचा आकडा बरोबर दिसण्यासाठी ते लागतंही. महिनाभर वाहन वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून सावलीत ठेवा. पूर्ण भरलेली उन्हात किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर दोन्हीकडून आयुष्य कमी होतं.

बॅटरी फुगली, विचित्र वास आला, सूंऽऽ असा आवाज येऊ लागला किंवा ती पडून ठेचली गेली तर ती वापरणं तिथेच थांबवा आणि विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्या, कचऱ्यात नाही. धूर दिसला तर ती उचलायला जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाताना दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा. तो धूर फार विषारी असतो.

पाचवी पायरी : पहिला महिना रस्त्यावर

विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते. पेट्रोल स्कूटरच्या सवयीने मूठ पिळली तर वाहन हातातून निसटल्यासारखं पुढे जातं. पहिले आठ दिवस सर्वांत कमी जोराचा मोड ठेवा. उतरताना किंवा वाहन ढकलताना किल्ली बंद करा. आवाज नसल्याने ते चालू आहे हे लक्षातच राहत नाही, आणि एखादं मूल सहज मूठ फिरवतं.

हीच शांतता रस्त्यावरच्या इतरांनाही फसवते. चालणारी माणसं बघून नाही, ऐकून रस्ता ओलांडतात, वृद्ध आणि अंध माणसं तर जास्तच. गल्लीच्या तोंडाशी वेग कमी करा आणि समोरचा आपल्याकडे बघेपर्यंत त्याने आपल्याला पाहिलेलं नाही असंच धरा. दिवसाही दिवा लावा.

पहिल्या आठवड्यात एकच ठरलेली फेरी या वाहनावर न्या. सगळ्या फेऱ्या एकदम बदलायला गेलं की एका पावसात किंवा एका पंक्चरमध्ये सगळंच मोडतं. ती एक अंगवळणी पडली की दुसरी. रेनकोट डिकीत कायम राहू द्या आणि कारची किल्ली दारामागच्या खुंटीवरून हलवून कपाटात ठेवा. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण हातापाशी जी किल्ली असते तीच उचलली जाते. माझ्या फेऱ्या खऱ्या बदलल्या त्या या अदलाबदलीनंतर.

धुताना मोटर आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर यांच्यावर जोराचा फवारा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघा. हवा कमी असली की रेंज घटल्याचं लगेच जाणवतं.

वीज तरी कुठे स्वच्छ आहे?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर आकड्यांतच देते. सर्वांत वाईट गृहीत धरू : सगळी वीज कोळशाची, एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड. ई-स्कूटरला किलोमीटरला ३० वॅट-तास, चार्जरमधली गळती धरून ३५. म्हणजे किलोमीटरला सुमारे ३५ ग्रॅम. लिटरला १५ किलोमीटर देणारी कार किलोमीटरला सुमारे १५० ग्रॅम सोडते, आणि थंड फेरीत तिचं ॲव्हरेज याहून पडतं. लिटरला ४५ देणारी पेट्रोल स्कूटर सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे कोळशावरसुद्धा कारच्या तुलनेत चौथा हिस्सा. पेट्रोल स्कूटरच्या तुलनेत फायदा कमी, पण गल्लीतला धूर शून्य. वीज पवन, सौर किंवा पाण्यापासूनची असेल तर हे अंतर आणखी वाढतं.

बॅटरी बनवतानाही कार्बन निघतो, अंदाजे एका युनिटच्या क्षमतेमागे ६० ते १०० किलो. दीड युनिटची बॅटरी म्हणजे जास्तीत जास्त १५० किलो. कारऐवजी स्कूटर नेल्यावर किलोमीटरला ११५ ग्रॅम वाचतात, तर साधारण १३०० किलोमीटरमध्ये बॅटरीची भरपाई होते. रोजच्या आठ किलोमीटरने साडेपाच महिने. मोटर आणि सांगाडा धरला तर याहून बराच जास्त काळ लागतो. म्हणूनच वाहन घेऊन ते कोपऱ्यात उभं ठेवणं सगळ्यांत वाईट, आणि चांगलं चालतं जुनं वाहन मिळालं तर ते घेणं सगळ्यांत चांगलं.

आणखी एक आकडा, मला स्वतःला पटवणारा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. त्यावर कार पंधरा किलोमीटर जाते. तेवढ्याच विजेवर ई-स्कूटर अडीचशे किलोमीटरहून जास्त जाते.

उरलेल्या कारचं काय?

गाडी उभी ठेवून "गरम" करू नका. सुरू केल्यावर पंधरा-वीस सेकंदांत निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा, इंजिन ओरडू देऊ नका. उभ्या इंजिनापेक्षा हळू चालणारं इंजिन लवकर तापतं, आणि त्याबरोबर कन्व्हर्टरही. सिग्नलला किंवा कुणाची वाट बघताना दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. पुन्हा सुरू करायला लागतं त्याहून जास्त इंधन तेवढ्यात जळतं.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर पुढे चालवू नका. बहुतेकदा एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसते. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. स्पार्क प्लगची किरकोळ दुरुस्ती टाळली म्हणून कन्व्हर्टर गेल्याची उदाहरणं कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतील. "पिकअप वाढेल" म्हणून कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ते गॅरेज बदला.

टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी वारा अडवतं, काम झालं की उतरवा. पंपावर नोझल आपोआप बंद झालं की थांबा. वरून काठोकाठ भरलं तर वाफ पकडणारा डबा पेट्रोलने भिजतो आणि निकामी होतो. एअर फिल्टर बदलला की ॲव्हरेज खूप वाढतं, हा कार्बुरेटरच्या काळचा समज आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत फिल्टरने पिकअप सुधारतो, ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही. तो वेळेवर बदला, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

डिझेल गाडी असेल तर छोट्या फेऱ्या आणखी घातक. तिच्या धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ, साफ व्हायला आत ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. गल्लीबोळात फिरून ते होत नाही, आणि तो गच्च भरला की खर्च मोठा येतो.

विजेचं वाहन अंगवळणी पडलं की कार आठ-आठ दिवस उभी राहू लागते, आणि तिची बॅटरी उतरू नये म्हणून माणसं रोज पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करतात. हे अजिबात करू नका. ती परत एक थंड सुरुवातच, आणि पाच मिनिटांत बॅटरीही भरत नाही. त्याऐवजी आठ-दहा दिवसांतून एकदा, वहीतलं एखादं लांबचं काम काढून, अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. जास्त दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनन्स चार्जर, म्हणजे ती हळूहळू भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावा आणि टायरमध्ये हवा पूर्ण भरा. सपाट जागेवर गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकडी ठोकळा लावा, हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. आणि किलोमीटर भरले नसले तरी वर्षातून एकदा ऑइल बदला. बदलताना ते झाकण उलटं करून बघायला सांगा.